सलूनमधला अडत्या

डोक्यावर एक केस नसलेल्या माणसानं केस कापायच्या दुकानात ऑफिस थाटावं, यात काकांना स्वतःला काही गमतीचं वाटत नसे. ड्रेस्डेनच्या पीशेन भागात, ट्रामच्या थांब्यासमोर, तळमजल्यावर ते दुकान होतं. आधीची मालकीण वय झाल्यावर लाइपझिगला मुलीकडे गेली आणि सामान न्यायला परत आलीच नाही. त्यामुळे भिंतीवरचे तीन मोठे आरसे, त्यांच्यासमोरच्या तीन गोल फिरणाऱ्या खुर्च्या आणि कोपऱ्यातलं केस वाळवायचं टोपासारखं यंत्र हे सगळं काकांना भाड्यातच मिळालं. प्रत्येक आरशासमोर त्यांनी एक कॉम्प्युटर मांडला होता. स्क्रीनवरून नजर जरा वर गेली की आपलंच तोंड दिसायचं.

"काका, आरसे काढून का टाकत नाही?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"राहू देत. आपल्या धंद्यात अधूनमधून स्वतःचं तोंड दिसलेलं बरं असतं."

दुकानाच्या काचेवर कात्रीचं चित्र तसंच होतं, त्यामुळे लोक केस कापायला यायचे. काका दार उघडून, टकलावरून हात फिरवत, अगदी अदबीनं जर्मनमध्ये सांगायचे, "आज नाही." मी म्हणायची, अहो, कधीच नाही असं सांगा ना एकदाचं. ते म्हणायचे, "माणसाला दारातून एकदम कशाला घालवायचं?" दर गुरुवारी मात्र कोपऱ्यावरच्या इमारतीतली एक आजी घरून केस धुऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून यायची आणि वीस मिनिटं त्या यंत्राखाली बसून जायची. काका तिच्याकडून एक युरो घ्यायचे. "फुकट म्हटलं तर ती यायची नाही. दोन घेतले तर ती कुरकुर न करता देईल, आणि ते मला चालायचं नाही."

त्यांचं नाव मी लिहीत नाही. शहरातली मराठी मुलं त्यांना मागं सलूनकाका म्हणत आणि तोंडावर नुसतं काका. मूळचे साताऱ्याकडचे. पूर्व जर्मनी होता तेव्हा तिथल्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकायला आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं, चिपच्या कारखान्यात बिघडलेला माल वेगळा काढायचं काम केलं, आणि एके दिवशी देशच बदलला. "मी कुठं हललो नाही हो, देशच हलला," असं सांगायचे. पुढं कारखान्यात माणसं कमी झाली, त्यात तेही गेले. त्यांचं मराठी निघाले त्या वर्षीच थांबलं होतं. मोटारगाडी म्हणायचे, बोलपट म्हणायचे, आणि मध्येच जर्मन 'आल्झो' आणि 'गेनाऊ', म्हणजे 'तर मग' आणि 'अगदी बरोबर'. होय म्हणायचं असलं की सॅक्सनीतले लोक म्हणतात तसं 'नू' म्हणायचे. त्यांच्या तोंडून ते मला एखाद्या सातारी शब्दासारखं ऐकू यायचं.

मी त्यांच्याकडे लागले ती युनिव्हर्सिटीच्या खाणावळीत लावलेल्या चिठ्ठीवरून. 'इंग्रजी लिहिणारी व्यक्ती हवी. अंकगणित यायला हवं.' साल दोन हजार पाच असेल. मला अंकगणित येत होतं, आणि आमच्या घरातली मी पहिली पदवीधर आहे हे मी तेव्हा भेटेल त्याला सांगत असे. काकांनाही पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. सोलापूरहून इंजिनिअरिंग केलं, आता इथं मास्टर्स.

"पदवीला चहा चालतो का बघ," ते म्हणाले. "वडील काय करतात?"

"मापाडी आहेत. बार्शीच्या मार्केट यार्डात."

बाकी कुणाला हे सांगताना माझा आवाज थोडा चढायचा, कारण लोक पुढं काय बोलावं या विचारात पडायचे. काका म्हणाले, "कसं मापतात?" त्यांना खरंच ऐकायचं होतं. मग मी सांगितलं. पोतं काट्यावर चढलं की दादा, म्हणजे माझे वडील, हात मागं घेतात. काटा थांबेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. थांबला की वजन मोठ्यानं पुकारतात, दोनदा. एकदा लिहून घेणाऱ्या मुनीमासाठी आणि एकदा ज्याचा माल आहे त्याच्यासाठी. काही अडत्यांना त्यांचं ते दुसऱ्यांदा ओरडणं आवडत नाही.

"नू," काका म्हणाले, आणि कपातली चहाची पुडी पिळून दुसऱ्या कपात टाकली. तो कप माझा होता. एका पुडीत दोन माणसं, हा त्यांचा नियम.

मग त्यांनी धंदा समजावला. तेव्हा इंटरनेटवर पोकर खेळायचं वेड सगळीकडं पसरलं होतं. खेळणारे एकमेकांचे पैसे जिंकत आणि हरत, आणि खेळ चालवणारी कंपनी डावाडावातून आपला लहानसा काप काढून घेई. त्याला रेक म्हणायचे. कंपनीकडे खेळाडू धाडणाऱ्या वेबसाइट असत. त्यांच्या लिंकवरून ज्यानं खातं उघडलं, तो खेळत राहील तोवर त्याच्या रेकमधला वाटा त्या वेबसाइटला. काकांची अशीच एक वेबसाइट होती. पुढं अशा वेबसाइट पैशाला पासरी झाल्या आणि चढाओढ लागली. माझ्या लिंकवरून ये, माझ्या वाट्यातला काही भाग मी तुलाच परत करतो. हे रेकबॅक.

"म्हणजे अडतच की," मी म्हणाले. "भाव चढो नाहीतर पडो, अडत्याचं टक्क्यात."

काका खुर्चीसकट माझ्याकडं वळले. "आणि रेकबॅक?"

"अडत्या म्हणतो, माल माझ्याच गाळ्यावर उतरवा, चहा-नाष्टा माझ्याकडून. पण चहाचे पैसे अडतीतूनच जातात."

"उद्यापासून ये," काका म्हणाले. "एकच अट. लिहायचं, खेळायचं नाही. आणि आपल्या ओळखीतल्या एकाही पोराला इथली लिंक द्यायची नाही."

कंपनी त्यांना रेकच्या शंभरातले तीस द्यायची. त्यातले पंचवीस ते खेळाडूला परत करायचे आणि पाच ठेवायचे, आणि हे वेबसाइटवर लिहिलेलं होतं. बाकीचे वेबसाइटवाले सत्तावीस देतो, अठ्ठावीस देतो म्हणायचे. पण आधी त्यातून बोनस वजा, फी वजा, आणि मग उरलेल्याचे सत्तावीस. दादांच्या यार्डात याला कडता म्हणतात. काकांना हा शब्द इतका आवडला की पुढं प्रतिस्पर्ध्यांची पानं वाचताना ते आरशात बघून ओरडायचे, "कडता! इथं पण कडता!"

त्यांच्या पहिल्या पानावर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'खेळणारे बहुतेक जण हरतात. तुम्ही हरत असाल, तर रेकबॅकमुळे थोडं हळू हरता.' मी म्हणाले, काका, दुकानाच्या पाटीवर असं लिहिलं तर गिऱ्हाईक कसं यायचं? म्हणाले, "वाचता येणारं येईल."

परताव्याची रक्कम ते कधीही खेळाच्या खात्यात भरत नसत. इतर जण तिथल्या तिथं भरायचे, खेळाडूलाही तेच हवं असायचं. काका महिन्यातून एकदा बँकेच्या खात्यात भरायचे, म्हणजे पैसा एकदा तरी घरी जाऊन यायचा. "टेबलावरच परत केला तर तो परतावा नव्हे. चारा आहे." नव्या खेळाडूला पहिली रक्कम देण्याआधी ते स्वतः फोन करायचे, उभं राहून. तीन प्रश्न विचारायचे. जिंकलेलं-हरलेलं लिहून ठेवता का? घरी माहीत आहे का? कोणत्या वारी खेळत नाही? लोकांना वाटायचं, ही काहीतरी ओळख पटवायची पद्धत आहे. एक जण म्हणाला, "मला लग्नच झालेलं नाही." काका म्हणाले, "मग आईला माहीत आहे का?" त्यानं फोन ठेवला आणि दुसऱ्या वेबसाइटकडं गेला. विद्यार्थी आहे असं कळलं तर काका स्वतःच फोन ठेवायचे.

साधू बिधू नव्हते हां ते. दर महिन्याला चांगले पैसे यायचे आणि ते आले की गुणगुणायचे. मी एकदा तोंडावर विचारलं, "हरणाऱ्यांच्या रेकमधलेही पाच तुमच्याकडे येतातच ना?"

त्यांनी आरशात माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "नू."

"मग?"

"मग काय? दलाल आहे मी. मला स्वर्गात जागा नकोय, पीशेनमध्ये भाडं भरायचंय." थोड्या वेळानं, स्क्रीनकडं बघत, "पाचाचे दहा करणं सोपं आहे. म्हणून रोज बघतो, पाचच आहेत ना."

आता माझं सांगते.

तेव्हा व्हिसा वाढवायचा असला की परदेशी लोकांच्या कचेरीत बँकेचा कागद दाखवावा लागे, वर्षाच्या खर्चाएवढी रक्कम खात्यात आहे असा. आमच्यातल्या एकीकडेही तेवढी रक्कम नव्हती. म्हणून वसतिगृहातल्या आम्ही चौघींनी आपापलं होतं नव्हतं ते एकत्र केलं होतं. जिची तारीख जवळ आली, तिच्या खात्यात ते सगळं जायचं, कागद निघायचा, काम झालं की पुढचीच्या खात्यात. आम्ही त्याला पालखी म्हणायचो. माझं काम झालं तेव्हा पुढची पाळी सुजाताची होती. सुजाता अकोल्याची, माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. तिची तारीख पाच आठवड्यांनी होती. मी म्हणाले, पैसे लगेच पाठवते. ती म्हणाली, राहू दे तुझ्याकडेच, घाई काय.

तर पैसे पडून होते. आणि मी वर्षभर रेकबॅकवर लिहीत होते. कोणत्या टेबलावर किती रेक जातो, किती परत येतो, हे मला पाठ होतं. मला वाटलं, जे हरतात त्यांना गणित येत नाही. मला येतं. मी पदवीधर आहे. दोन आठवडे थंड डोक्यानं खेळेन, बरोबरीत सुटले तरी परतावा माझा. पालखी जशीच्या तशी पुढं जाईल.

खातं उघडताना मी काकांच्याच लिंकवरून उघडलं. आज हे सांगितलं की लोक हसतात. अगं, चोरून खेळायचं तर दुसऱ्या वेबसाइटवरून जायचं ना! पण माझ्या मनात ते आलंच नाही. वर्षभर ज्यांच्याकडं काम केलं, त्यांचा वाटा दुसऱ्याच्या घशात कसा घालू? आणि खेळाडूचं टोपणनाव मागितलं तेव्हा मी अभिमानानं लिहिलं, 'मापाडी'.

दुपारी लॅब नसली की वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बसून खेळायची. मागं कुणी बटाटे तळत असायचं. मी एक वही केली होती. तिच्यात रोज किती रेक गेला आणि त्याचे पंचवीस टक्के किती, हे लिहायची. तो आकडा रोज वाढायचा आणि बघून बरं वाटायचं. किती हरले हे त्या वहीत लिहीत नव्हते. ते बँकेत दिसतंच, असं स्वतःला सांगायची. दहाव्या दिवशी बँकेत बघितलं. पालखीतले दोन हजार शंभर युरो गेले होते. वहीप्रमाणं मला त्यातले दीडशे परत मिळणार होते.

खेळाडूचं जिंकणं-हरणं काकांना दिसत नसे. कंपनीकडून दर दुसऱ्या सोमवारी फक्त नावं आणि रेकचे आकडे यायचे. त्या सोमवारी मी दुकानात शिरले तर काचेवर 'आज बंद' अशी पाटी आणि काका मधल्या खुर्चीत. स्क्रीनवर यादी, तिच्यात 'मापाडी'. त्यांनी मला शेजारच्या खुर्चीत बसायची खूण केली. मी आरशात त्यांच्याकडं बघितलं, ते आरशात माझ्याकडं. सरळ एकमेकांकडं आम्ही दोघांनीही बघितलं नाही.

"लिहून ठेवतेस का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं होतं ओरडतील.

"अर्धं," मी म्हणाले.

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"कोणत्या वारी खेळत नाहीस?"

मी दहाच्या दहा दिवस खेळले होते. रडू आवरलं नाही. काकांनी खणातून एक छोटा टॉवेल काढून दिला, त्या दुकानातलाच जुना. मग मी पालखीचं सगळं सांगितलं. सुजाताची तारीख नऊ दिवसांवर आली होती.

"काका, उसने द्या. मी काम करून फेडते."

"देत नाही."

"काका, तिचा व्हिसा..."

"मी आज पैसे दिले तर सुजाताला काही कळणार नाही. तुझा काटा बरोबर दिसेल. महिन्याभरानं तू परत बसशील, तुला गणित येतं ना!" आवाज चढला नव्हता, पण तसं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "आल्झो. आधी जा आणि तिला सांग. आज. तोंडावर. मग दोघी मिळून इथं या."

मी विचारलं, "आणि तिनं हाकलून दिलं तर?"

"तर एकटी ये."

सुजातानं हाकललं नाही. ती कपडे वाळत घालत होती, घालतच राहिली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्याकडे ठेवले म्हणजे बँकेपेक्षा सेफ, असं मी आईला सांगितलं होतं." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग कोट घालून म्हणाली, "चल, कुठंय तुझा तो टकल्या?"

टकल्यानं तिला दुकानात बसवलं, एका पुडीचा चहा तिघांत केला, आणि सांगितलं की पैसे दाखवायची गरजच नाही, दुसरा रस्ता आहे. इथं पक्का राहणारा, कमावता माणूस लिहून देऊ शकतो की या मुलीचा खर्च भागला नाही तर मी भरीन. जर्मनमध्ये त्या कागदाचं नाव इतकं लांब आहे की उच्चारेपर्यंत ट्राम निघून जाते. तो कागद ते स्वतः देणार होते. चहाची पुडी दोनदा वापरणारा माणूस अर्ध्या तासापूर्वी पाहिलेल्या मुलीच्या वर्षभराच्या खर्चाला जामीन राहणार होता.

"काका, मला ओळखत पण नाही तुम्ही," सुजाता म्हणाली.

"हिला ओळखतो ना," ते म्हणाले. "हिनं तुला आजच सांगितलं. तेवढी ओळख बास."

कचेरीत आम्ही तिघं गेलो. टेबलापलीकडं चष्मा गळ्यात अडकवलेल्या एक बाई होत्या, खिडकीत त्यांच्या कुंड्या. त्यांनी काकांचे कराचे कागद चाळले आणि विचारलं, "दलाली. कशाची?"

जाहिरात, इंटरनेट, असं काहीही सांगून भागलं असतं. काकांनी खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्यापासून सांगायला लागले. डाव, काप, लिंक, तीस, पंचवीस, पाच. बाईंच्या टेबलावरच्या पेन्सिली घेऊन खेळाडू मांडले, रबर म्हणजे कंपनी. प्रत्येक पेन्सिलीकडून रबर काय घेतं ते दाखवलं. बाई वाकून बघत होत्या.

"आणि तुम्ही त्यातलं बरंचसं परत देता? का?"

"नाही दिलं तर ते दुसऱ्याकडे जातात," काका म्हणाले.

सुजातानं टेबलाखालून माझा हात घट्ट धरला. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, काकांकडं बघितलं, पुन्हा कागदांकडं बघितलं. "माझा जावई हे खेळतो," त्या म्हणाल्या.

"लिहून ठेवतो का?" काकांनी लगेच विचारलं.

"मी त्याला विचारते," बाई म्हणाल्या, आणि शिक्का मारला.

महिनाअखेरीस 'मापाडी' नावाच्या खेळाडूच्या रेकमधले काकांचे तीस टक्के आले. त्यांना झोप येईना म्हणाले. हे ठेवायचे तर आपल्याच पोरीच्या हरण्यातून खाल्ल्यासारखं, आणि मला द्यायचे तर तो चाराच. दोन दिवस त्यांनी त्या पैशांचं पाकीट एका आरशासमोरून दुसऱ्या आरशासमोर हलवलं. मग सुजाताला बोलावून पूर्ण रक्कम तिच्या हातात दिली. "काप ज्याच्या पैशातून गेला, परतावा त्याचा. पैसे तुझ्या पाळीचे होते."

सुजाता बाहेर ट्रामच्या थांब्यावर माझ्यासाठी थांबली होती. महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. म्हणाली, "जुगार तू खेळलीस आणि कमिशन मला. चल, ड्योनर खाऊ. तुझे पैसे तू दे." पालखीतली बाकीची रक्कम मी पुढच्या वर्षभरात काकांकडच्या माझ्या पगारातून भरून काढली. उरलेल्या दोघींच्या तारखा येण्याआधी.

पण काकांनी माझ्याकडून एक गोष्ट करून घेतली. पहिला हप्ता भरला त्या दिवशी म्हणाले, वेबसाइटवर एक पान लिही. किती खेळलीस, किती रेक गेला, किती परत येणार होता, किती हरलीस. सगळे आकडे.

"मी नाही लिहिणार."

"नाव नको लिहूस. टोपणनाव टाक."

"मुद्दा नावाचा नाही काका. आमच्या घरात मी पहिली शिकलेली. मी मूर्खपणा केला हे जगाला सांगू?"

"तुझे वडील दुसऱ्यांदा कुणासाठी ओरडतात म्हणालीस?"

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी लिहिलं. इंग्रजीत आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये. माझ्या वहीतली राहिलेली अर्धी बाजू मी तिथं पूर्ण केली. काकांनी एकही शब्द बदलला नाही, जर्मन व्याकरणाच्या चुका सोडून. त्या बाबतीत ते ट्राममधल्या तिकीट तपासनिसालाही सोडत नसत. पान वर गेलं आणि आमच्या वेबसाइटवर सगळ्यात जास्त वाचलं जाऊ लागलं. लोकांच्या मेल यायच्या: मीही आज लिहून बघितलं. बरेच जण त्यानंतर खेळायला यायचे नाहीत. कंपनीचा एक गोडबोल्या मॅनेजर दूरच्या कुठल्यातरी बेटावरून फोन करायचा, त्याचे फोन वाढले. काका त्याच्याशी उभ्यानं बोलायचे आणि माझ्या देखत काही सांगायचे नाहीत.

माझी पदवी झाली. मला वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली. त्याच सुमारास काका म्हणाले, "मी पण आवरतं घेतो. कंटाळा आला." मला ते पटलं. त्यांचं वय झालं होतं.

दुकान रिकामं करायचं ठरलं तेव्हा मी मुद्दाम गाडीनं ड्रेस्डेनला गेले. काका आलेली प्रत्येक मेल छापून ठेवत. आधीची मालकीण केसांचे रोलर ठेवायची त्या खणांमध्ये ते कागद रचलेले होते. मी खण उपसत होते, काका आरशांना जुन्या चादरी गुंडाळत होते. एका खणात मला त्या मॅनेजरची मेल सापडली. गोड इंग्रजीत लिहिलं होतं: ते मुलीचं पान शुक्रवारपर्यंत काढावं, न काढल्यास आपला करार संपेल आणि आपल्या सर्व जुन्या खेळाडूंवरचा वाटाही त्या दिवसापासून बंद होईल. जुने खेळाडू म्हणजे काकांचं सगळं उत्पन्न. तारीख बघितली. त्यांना कंटाळा आला तो आठवडा.

खाली टाचणीनं त्यांचं उत्तर लावलेलं होतं. एकच ओळ.

मी मान वर केली. आरसा अजून झाकायचा होता. त्यात काका पाठमोरे दिसत होते, टकलावर धुळीचा पट्टा. तेवढ्यात दार वाजलं. गुरुवार होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली आजी दारात उभी, आत सगळं खोक्यात भरलेलं बघून गोंधळलेली. मला वाटलं, आता "आज नाही" म्हणतील. काकांनी खोकी सरकवली, यंत्राची वायर शोधून परत भिंतीत खोचली, आजीला बसवलं आणि हात पुढं केला. आजीनं एक युरो त्यांच्या हातावर ठेवला.

यंत्र घरघरायला लागलं. मी तो कागद घेऊन दुकानाच्या मध्यभागी उभी राहिले आणि ती ओळ मोठ्यानं वाचली.

"वजन बरोबर आहे, पान राहील."

काका वळले नाहीत. मी पुन्हा एकदा, आणखी मोठ्यानं वाचली.

"पुरे," ते म्हणाले. "पहिल्याच वेळी ऐकू आलं." आणि चादरीचं टोक माझ्याकडं फेकलं. "धर इकडून."